दीर्घिकेची शेपटी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे आकाशाबद्दल लिहायला अजून संकोच वाटतो. ज्यांना यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यांनी हे धाडस पोटात घालावं.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला लागताच मला प्रकल्पासाठी एक दूरची दीर्घिका मिळाली. दुर्बीण परराज्यात डोंगरावर, मी पुण्यात संगणकासमोर. उन्हाळ्यात घेतलेले बरेच फोटो एकावर एक रचून मी त्यांचा एक केला आणि पांढऱ्यावर काळा करून पाहिला. अंधुक गोष्टी तशा लवकर दिसतात. दीर्घिकेच्या एका कडेला फिकट शेपटी होती. दुसरी दीर्घिका जवळून गेली की तिच्या ओढीने तारे असे बाहेर खेचले जातात. आधीच्या कोणाच्या फोटोत ही शेपटी नव्हती.

मार्गदर्शक बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"अहो, शेजारी केवढा तेजस्वी तारा आहे. त्याचा उजेड कॅमेऱ्याच्या काचेत फिरला की असाच पट्टा येतो. शेपटी मिळाली, छान. आता प्राणी आहे का ते बघू."

बघायची रीत ठरलेली होती. कॅमेरा नव्वद अंश वळवून पुन्हा फोटो घ्यायचे. शेपटी कॅमेऱ्याबरोबर फिरली तर ती काचेतली, दीर्घिकेला धरून राहिली तर खरी. खरी असेल तर मला पीएचडीला घेऊ, असं बाई म्हणाल्या होत्या. नसेल तर हिंजवडीतली कंपनी होतीच. मामाने तिथे शब्द टाकून ठेवला होता.

पण पावसाळा लागला होता, आणि तेव्हा दुर्बिणीचा घुमट उघडत नाहीत.

"शेपटीचं काय झालं रं?" आई भाकरी थापताना विचारायची.

"ढग हायत. दिवाळीपर्यंत थांबायचं."

"तवर ती पळून गेली म्हंजे?"

"कोट्यवधी वर्षं तिथंच हाय ती."

"मग तुझ्या मामालाच तेवढी घाई म्हणायची."

दिवाळीनंतर एका सकाळी, कंपन्यांच्या बसगाड्यांमागे आमची सिटी बस अडकली होती. मी दांडीला धरून उभा होतो. फोनवर बाईंचा निरोप आला.

"कॅमेरा फिरला, शेपटी फिरली नाही. प्राणी आहे."