काविळीची माळ

भांडगावच्या ज्ञानदेवच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली आन् तो मेडिकल कॉलेजात पोरांना मुडदे फाडायला शिकवायचा. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात त्याचं मन खचलं. शिकवता शिकवता मधीच गप व्हायचा. अन्न गोड लागंना, डोळा लागंना, जगूच नये वाटायला लागलं.

विभागप्रमुख सर्जेराव सरांना सांगितलं, तर त्यांनी आधी केबिनचं दार लावलं.

"डिप्रेशन? लोक वेडा म्हणतील तुला. रजेच्या अर्जावर कावीळ लिही."

मागल्या साली मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमात फीत कापून भाषण ठोकणारा गडी तो हाच!

ज्ञानदेव घरी येऊन पडवीत भिंतीकडं तोंड करून पडला. गावाला कावीळच कळली. आई सगुणाबाईनं यवतच्या एका बाईकडनं मुळ्यांची माळ आणून त्याच्या डोक्यावर बसवली. कावीळ उतरंल तशी माळ खाली उतरती म्हणं. दोरा सैल पडल्यावर उतरंल न्हाई तर काय करंल! हे ठावं असून ह्या शिकल्यासवरल्या डॉक्टरानं मुकाट घालून घेतली. त्याला स्वतःचीच किळस आली.

माळ छातीवर आली आन् सरांची गाडी दारात. कॉलेजची तपासणी होती, वरनं मास्तर मोजायला माणसं येणार होती. खुर्चीत मास्तर दिसला पाह्यजे, मग तो जिता असो का मेला.

"आता बरा हाय त्यो," सगुणाबाई चहा देत म्हणाली. "माळ उतरली की."

सरांनी माळंकडं बघून मान डोलावली. कावीळ ज्यांनी लावली, तेच!

"छान! चल मग ज्ञानदेव. सही कर, खुर्चीत बस, संध्याकाळी गाडी परत सोडेल."

दारात शेजारपाजार जमलेला. ज्ञानदेव उठून बसला.

"आई, मला कावीळ नव्हतीच. मन आजारी हाय माझं. जीव द्यावा वाटतोय. कावीळ ह्या सरांनी लिव्हायला लावली."

"अरे हळू, लोक ऐकतायत!" सर म्हणाले.

"ऐकू द्या." त्यानं माळ काढून सरांच्या हातात दिली. "हिलाच बसवा माझ्या खुर्चीत. तिथं कोण बघतंय?"

शेजारची झुंबरबाई कुजबुजली, "म्हंजी येड लागलं गं पोराला?"

"येडा असता तर गाडीत बसला असता," सगुणाबाई म्हणाली आन् सरांच्या हातातला अर्धा कप काढून घेतला.

सरांनी यवतला गाडी थांबवून एक दातांचा डॉक्टर उचलला आन् ज्ञानदेवच्या खुर्चीत बसवला. तपासणी झ्याक पार पडली.

ज्ञानदेव मातूर आईसंगं एसटीनं पुण्याला मनाच्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं तोंड उघडायच्या आत सगुणाबाई बोलली,

"कावीळ न्हाई बरं का. आधीच सांगते."