थंड इंजिनाचा व्हिडिओ

जुन्या ट्रॅक्टरच्या धंद्यातली एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. गिऱ्हाईक नऊला येणार असेल तर विकणारा सातलाच ट्रॅक्टर चालू करून ठेवतो. किल्ली फिरवून स्टार्टर ओढायचा, त्याला आम्ही सेल्फ मारणं म्हणतो. तापलेलं इंजिन एका सेल्फमध्ये उठतं, धूर टाकत नाही, आवाजही गोड देतं. साडेआठला ते बंद करायचं, बॉनेटवर बादलीभर पाणी मारायचं आणि गिऱ्हाईक आलं की म्हणायचं, कालपासून उभाच आहे. थंड इंजिनाला असं खोटं बोलता येत नाही. आत किती झीज झाली आहे ते सकाळच्या पहिल्या सेल्फला कळतं. म्हणून जाणता शेतकरी आल्या आल्या बॉनेट उघडतो आणि इंजिनाच्या ब्लॉकवर तळहात ठेवतो.

मी रावेरला केळीच्या गाड्या भरत होतो. मग ट्रॅक्टरचा ड्रायव्हर झालो, मग मेकॅनिक, आणि शेवटी जळगावहून पहूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याचं फाटक लावून जुन्या ट्रॅक्टरचा वाडगा, म्हणजे कुंपणाचं मोकळं आवार, टाकला. भावात मी कोणाला सोडत नाही. केळीच्या व्यापाऱ्यांनी तरुणपणी मला भावातच रडवलं होतं, विद्या त्यांचीच. राग माझ्या नाकावर असतो हेही सगळ्यांना माहीत होतं. पण गिऱ्हाईक येईपर्यंत मी किल्लीला हात लावला नाही, एकदाही नाही. फाटकावर पेंटरकडून लिहून घेतलं होतं: 'हात लावून पाहा, मग बोला.' मोठ्या कंपनीचं शोरूम माझ्याजवळ नव्हतं, बापाचं नाव नव्हतं. होतं ते एवढंच.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा जळगावात एक कॉम्प्युटर क्लासवाला माझ्या मागे लागला. कापडाच्या दुकानावर त्याचा क्लास होता. लग्नसराईत तो कॅमेरा घेऊन शूटिंगही करायचा आणि कॅसेटचं मिक्सिंग क्लासमधल्याच मशीनवर करायचा. सगळे त्याला मास्तर म्हणायचे.

"नाना, तुमची वेबसाइट करून टाकू. जगभर दिसाल."

"अमेरिकेतला माणूस माझा ट्रॅक्टर घेऊन काय करेल? केळी लावतो का तो?"

"अमेरिका सोडा हो. धुळ्याला इंटरनेट कॅफे निघालेत, सुरतेला निघालेत. गिऱ्हाईक एसटीत बसायच्या आधीच ट्रॅक्टर बघून घेईल. तुमचा चहा तरी वाचेल."

हे मला पटलं. माझ्याकडे लांबून दहा जण यायचे, त्यातले आठ चहा पिऊन, टायरला लाथ मारून परत जायचे.

मास्तरने आधी नमुना करून दाखवला तो लग्नाच्या कॅसेटसारखा. सनई वाजते आहे, ट्रॅक्टर गोल फिरतो आहे, वरून फुलं पडताहेत. मी भडकलो. "नवरदेव आहे का हा? अक्षता टाकायच्या राहिल्या वाटतं!"

मग मी त्याला हाताला धरून वाडग्यात नेलं आणि गिऱ्हाईक कसं बघतं ते दाखवलं. गिऱ्हाईक समोर बसून सिनेमा बघत नाही, ते विचारत जातं. आधी ब्लॉकला हात, मग म्हणतं चालू कर. मग सायलेन्सरकडे बघतं, धूर कसला. मग मागचे टायर, मग लिफ्ट उचल, मग क्लच दाब. कोणी टायरपासून सुरू करतं, कोणी टायरकडे बघतही नाही. मी म्हटलं, "तुझ्या त्या पडद्यावर ट्रॅक्टरचा एक फोटो ठेव. सायलेन्सरवर बोट दाबलं की धूर दिसला पाहिजे. चाकावर दाबलं की चाक. गिऱ्हाईक म्हणेल तसं ट्रॅक्टरने करून दाखवलं पाहिजे."

मास्तरने सायलेन्सरपासून चाकापर्यंत एकेका जागी बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, "होईल, नाना."

ही कल्पना माझी होती. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे त्याने तसल्याच साइट आणखी दोघा-तिघांना करून दिल्या आणि सगळ्यांना सांगितलं की हे त्याला सुचलं. पंपवाल्याच्या साइटवर पंपाचं बटण दाबलं की पाणी पडताना दिसायचं. पंपवाला मला तोंडावर म्हणाला, "काय डोकं आहे मास्तरचं!" मी गप्प बसलो, म्हणजे तेवढ्यापुरता.

साइटच्या जागेवरून आमची घासाघीस झाली. व्हिडिओ ठेवायला कुठल्यातरी दूरच्या कॉम्प्युटरवर जागा भाड्याने घ्यावी लागते. मास्तर म्हणाला वीस एमबी लागतील. एमबी म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, पण समोरचा वीस म्हणाला की पाचावर आणायचं हे माहीत होतं. दोन तास बसलो. तो दहावर आला, मी उठून जिन्यापर्यंत गेलो. शेवटी पाचावर ठरलं. कागदावर त्याने वीस खोडून पाच लिहिले आणि मी खूश होऊन घरी आलो.

शूटिंग जानेवारीत झालं. सकाळचे सात, मास्तर मफलर गुंडाळून कॅमेरा घेऊन आला. मी त्याला म्हटलं, "आधी कॅमेरा चालू कर, मग मी किल्लीला हात लावतो." ट्रॅक्टर दहा वर्षं वापरलेला, मधल्या ताकदीचा. पहिला सेल्फ मारला, नुसतं घुर्र झालं. दुसरा, तिसरा. पाचव्याला मास्तर म्हणाला, "नाना, बॅटरी उतरेल." मी म्हटलं, "तू काढत राहा." अकराव्याला इंजिन उठलं, पांढऱ्या धुराचा लोट टाकला आणि मग एका लयीत चालू लागलं. जुन्या गाडीला थंडीत एवढं लागतंच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सगळं मिळून दीड मिनिट झालं असेल.

पंधरा दिवसांनी मास्तरने क्लासमध्ये साइट उघडून दाखवली. आधी फोनच्या वायरीतून किरकिर, मग हळूहळू वरून खाली ट्रॅक्टरचा फोटो उतरला. एकेका जागी बाण. बाणावर दाबलं की थोडं थांबायचं, आणि पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत चित्र हलायचं. टायर फिरला, लिफ्ट वर गेली. एका बाणाखाली लिहिलं होतं, 'थंड इंजिन चालू करून पाहा'. मी दाबलं. किल्ली फिरली, एका सेल्फमध्ये इंजिन उठलं, धूर निघाला. क्लासमधली पोरं टाळ्या वाजवायला लागली. आपला ट्रॅक्टर बोट दाबल्यावर चालू होतो हे बघून मलाही काय वाटलं ते सांगता येणार नाही. मी पुन्हा दाबलं. चार वेळा दाबलं.

महिनाभर काही झालं नाही. मग धुळ्याहून एका मुलीचा फोन आला. ती तिथे कॉलेजात शिकत होती, वडील साक्री तालुक्यात शेती करायचे. तिने त्यांना कॅफेत नेऊन माझा ट्रॅक्टर दाखवला होता. "काका, बाबांनी सगळे बाण दाबायला लावले. थंड इंजिनाचा तर तीनदा. आम्ही बघायला येतो, पण बाबा म्हणतात, सकाळीच बघायचा, आणि आम्ही आल्याशिवाय चालू करायचा नाही."

मी म्हटलं, "पोरी, फाटकावर हेच लिहिलंय माझ्या."

आदल्या रात्री दोघं जळगावात सोयऱ्याकडे उतरले आणि साडेसहाला फाटकावर हजर. मार्च लागला होता, पण पहाटेचा गारवा अजून होता. म्हातारा किडकिडीत, टोपी, खांद्यावर टॉवेल. चहाला नाही म्हणाला, अहिराणीत विचारलं, "हात लाई दखू का, भाऊ?"

"त्यासाठीच ठेवलाय, आबा."

त्याने बॉनेट उचललं, ब्लॉकवर तळहात ठेवला, डोळे मिटून उभा राहिला. "थंडा शे," म्हणाला. मी किल्ली त्याच्याच हातात दिली.

पहिला सेल्फ, घुर्र. दुसरा. तिसऱ्याला मुलीने माझ्याकडे पाहिलं. चौथ्याला ती म्हणाली, "बाबा, व्हिडिओत तर एकाच सेल्फमध्ये..." म्हाताऱ्याने हात वर करून तिला थांबवलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. जे मी चार वेळा बोट दाबून पाहिलं होतं त्यात आधीचे दहा सेल्फ नव्हतेच.

अकराव्याला इंजिन उठलं. म्हाताऱ्याने पाच मिनिटं ते चालू दिलं, आवाज ऐकला, धूर विरळ होताना बघितला, लिफ्ट उचलून पाहिली. मग बंद करून खाली उतरला.

"गाडी चांगली शे, भाऊ. इतली जुनी गाडीले अकरा सेल्फ लागतस. मन्हा गावमा बठ्ठासले लागतस. पन तू ते का बरं कापी टाकं?"

"मी नाही कापलं, आबा. व्हिडिओ करणाऱ्याने कापलं."

"गाडी तुन्ही, फाटकवर नाव तुन्हं. आनि कापं दुसरानी?" तो हसला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं, रागावणाऱ्याशी मला बोलता येतं. "दहा सेल्फ दखाडात नई, आखो काय काय दखाडं नसीन, मी कशे समजू?"

मी म्हटलं भाव कमी करतो. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईकाने मागायच्या आधी मी भाव कमी केला, आणि तीच माझी चूक झाली. चोरी पकडल्यावर माणूस जसा गोड बोलतो तसं ते दिसलं. म्हातारा टॉवेल झटकून मुलीला म्हणाला, "चाल, माय." ती जाताना माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती.

मी तसाच क्लासवर गेलो. तीस पोरांसमोर मास्तरला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला लबाड म्हणवून घ्यावं लागलं, तेही जी एक लबाडी मी कधी केली नव्हती तिच्यासाठी. मास्तरने ऐकून घेतलं, मग कपाटातून तो कागद काढला. वीस खोडलेले, खाली पाच.

"नाना, पाच एमबीत आठ व्हिडिओ बसवायचे होते. एकेक दहा-बारा सेकंदांच्या वर जात नव्हता. मी तुम्हाला फोन करून विचारलं होतं, इंजिनाचा कुठून कापू? तुम्ही म्हणालात, चालू होतं तेवढं ठेव."

असं मी म्हणालो असेन. तेव्हा समोर फैजपूरचा माणूस बसला होता, मी त्याच्याशी भावात गुंतलो होतो. पण माझं अजूनही म्हणणं आहे, त्याने पुन्हा विचारायला हवं होतं. काय कापतोय ते सांगायला हवं होतं. ज्याला एमबी म्हणजे काय कळत नाही त्याला काय कळणार की पंधरा एमबी खोडताना दहा सेल्फही खोडले गेले?

"आता वीस घेऊ," मास्तर म्हणाला.

"एक पैसा जास्त देणार नाही. टायर काढ, लिफ्ट काढ, क्लच काढ. सगळे बाण काढून टाक. पाच एमबीत तो एकच ठेव, पहिल्या सेल्फपासून."

"नाना, दीड मिनिटाचा व्हिडिओ उतरायला पाऊण तास लागेल. कोण बसणार बघत?"

"ज्याला घ्यायचाय तो बसेल."

मास्तर कपाळाला हात लावून बसला, पण केलं त्याने. साइटवर एक ट्रॅक्टर आणि एकच बाण राहिला. पंपवाला हसला, बाजारात लोक हसले. मी धुळ्याच्या मुलीला फोन करून एवढंच सांगितलं की पूर्ण व्हिडिओ लावलाय, बाबांना दाखव. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी म्हाताऱ्याचाच फोन आला, कॅफेशेजारच्या बूथवरून. मागे रिक्षांचे आवाज येत होते.

"पुरं दखं मी, भाऊ. एक घंटा बसनू. अकरा मोजात. आते खरं शे."

"मग कधी येता, आबा?"

"मी दुसरा लिधा. धुळामा."

माझ्या तोंडून पटकन गेलं, "हात लावून घेतला ना?"

"हात लाईसनच लिधा. नऊ सेल्फमा उठस."

नऊ. दोन सेल्फच्या फरकाने माझं गिऱ्हाईक गेलं नव्हतं, हे मला कळत होतं. मी विचारलं, दुसरा घेतला होता तर एक तास बसून बघितलं कशाला? तो म्हणाला, मी गावात तुझ्याबद्दल बोललो होतो, ते खरं की खोटं एवढं बघायचं होतं.

तो ट्रॅक्टर पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाडग्यातच उभा होता. त्याला नवीन बॅटरी टाकायची माझी इच्छा झाली होती, नव्या बॅटरीने सात-आठ सेल्फमध्ये काम झालं असतं. टाकली नाही. व्हिडिओत अकरा होते.

डिसेंबरात एका सकाळी साक्रीकडचा एक शेतकरी फाटकात उभा राहिला. बोर्डाकडे त्याने पाहिलंही नाही.

"तो अकरा सेल्फवाला तूच का?"

वीस वर्षांच्या धंद्यात मला बाजारात बरीच नावं पडली, हे त्यातलं एक. मला रागच आला. पण मी उठून बॉनेट उघडलं आणि म्हटलं, "आधी हात लाव."