अप्पांची खुर्ची

आज सोल्डरचा राळेसारखा धूर नाकात गेला आणि कुंभकोणमच्या घरातली ती जुनी दुपार आठवली.

अप्पांनी, माझ्या वडिलांनी, तरुणपणी स्वतः जोडलेला प्रीअँप, म्हणजे गाण्याचा आवाज कमीजास्त करणारा डबा, मी हट्टानं उघडला होता. आवाज कमी केला की त्यातलं गाणं डाव्या स्पीकरकडे झुकायचं. म्हणून मी रिलेचं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या खटक्यांचं, व्हॉल्यूम कंट्रोल बनवलं. दोन्ही बाजू सारख्या राहाव्यात म्हणून एकेक रेझिस्टर मीटरवर मोजून जोडीजोडीनं निवडला.

बटण फिरवताच आत टकटक झाली.

"पाल चुकचुकली काय गे?" अप्पांनी विचारलं.

"रिले आहेत, अप्पा. ऐका आता."

मी आवाज अगदी बारीक केला. गाणं जागचं हललं नाही. अप्पा डोळे मिटून ऐकत राहिले. मग उठले, खिडकीपाशी, उजव्या स्पीकरजवळ असलेली आपली खुर्ची उचलली आणि दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये आणून ठेवली. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, ते वाऱ्यासाठी तिथं बसतात.

शाबास म्हणाले नाहीत, म्हणून तेव्हा मी रुसले होते. आता त्या घरी कुणी आलं की खिडकीपाशी, तांबड्या जमिनीवर खुर्चीच्या पायांनी पडलेले चार डाग मी प्रीअँपच्याही आधी दाखवते.