तिवईचा चौथा पाय

तीन पाय कधी भांडत नाहीत, असं मिस्त्री म्हणायचे. फरशी कशीही असो, वरखाली, खड्ड्याची, कोपऱ्यात खचलेली, तीन पायांची तिवई ठेवली की ठेवली. चौथा पाय आला की भांडण आलं. एकजण कायम हवेत लोंबकळणार आणि बसणाऱ्याला झुलवणार. त्या भागात सरळ फरशीचं घर शोधून सापडलं नसतं. त्यामुळे मिस्त्रींची तिवई घरोघरी होती. गोल बैठक, बाहेर फाकलेले तीन पाय, भोकातून वर काढून पाचर मारून बसवलेले. खिळा नावाला नाही. वडिलांनी शिकवलं तशी ते करत आले होते. ती बाजारातल्या लाकूडसामानवाल्याच्या दुकानात जायची आणि तिथून विकली जायची. फार नाही, पण चूल थंड पडली नव्हती.

बहिणीच्या पश्चात तिचा मुलगा मिस्त्रींकडेच वाढला. कारखान्यातल्या तिवईवर बसून, भुशात पाय खुपसून तो कायद्याची पुस्तकं पाठ करायचा. वकील झाला तेव्हा मामांनी गल्लीभर पेढे वाटले.

पुढे चौकात एका परदेशी कंपनीचं तीन मजली काचेचं दुकान उभं राहू लागलं. भाचा त्या कंपनीचे कागद बघत होता. एका दुपारी तो काळा कोट हातावर टाकून आला आणि सवयीने तिवईवर बसला.

"मामा, बाहेरच्या दुकानाला नुसता बाहेरचा माल विकता येत नाही. काही वाटा इथल्या लहान कारखान्यांकडून घ्यायचा, असा आपला कायदा आहे. तुम्ही लहान आहात."

"जन्मभर लहान राहिल्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला म्हणायचा," मामा म्हणाले.

"अट एकच. तिवई दुसऱ्या कुणाला द्यायची नाही."

भाच्याने कागद पुढे केले. तो बोट ठेवेल तिथे मामा सही करत गेले. मामी दारातून म्हणाली, "अहो, वाचून तरी बघा."

"त्याने वाचलंय. मीच त्याला वाचायला बसवला होता ना?"

लाकूडसामानवाल्याला सांगायला मिस्त्री स्वतः गेले. तो जुना माणूस. त्याने हातातली पावती पुरी केली. मग म्हणाला, "जा बाबा. काचेआडून ओळख दाखव म्हणजे झालं."

दुकान उघडलं. दाराशी मिस्त्रींचा पुरुषभर उंचीचा फोटो लावला होता, हातात रंधा, खाली ओळ: 'इथल्या हातांनी घडवलेलं'. दोघं नवरा-बायको बघायला गेले. मामी बराच वेळ बघून म्हणाली, "एवढा मोठा काढणार होते तर केस तरी विंचरायचे."

तिवई खपली. कंपनीचे खरेदीवाले म्हणू लागले, आणखी द्या, आणि सगळ्या एका मापाच्या द्या. भाचाही म्हणाला, "मामा, आता नाही वाढलात तर कधी वाढणार?" मामीने माहेरच्या जमिनीचा तुकडा विकू दिला. शेजारच्या गोदामाची भिंत पाडली, यंत्रं आली, माणसं आली. नव्या यंत्राला पहिला हार भाच्याने घातला.

वर्ष सरलं आणि भाचा पुन्हा आला. या वेळी बसला नाही.

"मामा, तपासणी झाली. तुम्ही मोठे झालात."

"शाबासकी द्यायला आलास?"

"कायद्यात लहान म्हणजे किती, ते ठरलेलं आहे. यंत्रं, माणसं, सगळं धरून तुम्ही त्याच्या वर गेलात. तुमचा माल आता त्यांच्या वाट्यात मोजला जात नाही. ते दुसरा लहान कारखाना बघतायत."

"वाढवा म्हणून तूच सांगत होतास."

"मी कंपनीच्या वतीने सांगत होतो."

"आणि आत्ता?"

भाच्याने खाली बघितलं. "आत्ताही."

गरज सरो, वैद्य मरो. यंत्रं आली त्या भावाच्या निम्म्यालाही गेली नाहीत. माणसं एकेक करून निघून गेली. मिस्त्री महिनाभर रिकाम्या गोदामात फिरले. मग त्यांनी जुनी पटाशी दगडावर घासली, दोन-चार तिवया केल्या आणि मान खाली घालून लाकूडसामानवाल्याकडे गेले.

"आलास?" तो म्हणाला. "ठेव तिकडे. जागा तुझीच आहे, दुसरं कोण बसणार तिथे?"

मिस्त्रींना त्या दिवशी जेवण गोड लागलं. सगळं गेलं तरी हात राहिले, बापाची तिवई राहिली, असं ते बायकोला म्हणाले. पण तिवया त्या दुकानाबाहेर मांडून आठवडा झाला नाही तोच भाचा घरी आला.

"मामा, त्या उचला. नोटीस निघण्याआधी मी स्वतः आलोय."

"आता कंपनीचा काय संबंध? त्यांनीच मला सोडलं."

"तुम्हाला सोडलं, तिवईला नाही. तिचा आकार कंपनीच्या नावावर नोंदवलाय. त्या कागदांत तुम्ही तो लिहून दिलाय."

मिस्त्रींना आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "ती माझ्या बापाची आहे रे."

"आजोबांनी नोंदवली नव्हती."

"बापाने तुझ्या आईलाही कुठे नोंदवलं होतं? म्हणून ती त्याची नव्हती?"

भाचा कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिला. "कोर्टात हे चालत नाही, मामा. काहीतरी फरक करा. एक पाय वाढवलात तरी कुणी बोलणार नाही. मी बघतो."

मामी आतून बाहेर आली. तिच्या हातात स्वयंपाकघरातली तिवई होती, सासऱ्यांच्या हातची, बैठक झिजून खोलगट झालेली. ती तिने भाच्यापुढे ठेवली. "हिच्यावर बसवून तुला भरवलंय. हीपण नेणार असशील तर आत्ताच ने. मला पुन्हा पुन्हा उठायला होत नाही."

भाचा गेला. तिवई तिथेच राहिली.

मिस्त्री अजून काम करतात. चारच पाय लावतात. जोड तसेच, पाचर तशीच, माप नेमकं. पण घरोघरच्या फरशा आहेत तशाच आहेत. परवा भाचा आला. बरेच दिवस आला नव्हता. नव्यापैकी एकावर बसला आणि कलंडता कलंडता सावरला.

"मामा, हे डुगडुगतंय."

मिस्त्रींनी रंध्यावरून मान वर केली नाही.

"डुगडुगणारच. तूच सांगितलेलं आहे ते. सांभाळून बस."