जित्या लेकरांसाठी दोन मिनिटं

"आवो, जित्तं हाय माझं लेकरू! हे काय, हार घालून उभं हाय!"

किनवटहून आलेली एक आई तिसऱ्या रांगेतून ओरडली, तशी खाली माना घालून उभी असलेली अख्खी सभा दचकली.

स्टेजवर आमचे आबा डोळे मिटून उभे. माझे सख्खे चुलते, पाच वेळचे आमदार, वय ब्याऐंशी. कार्यक्रम क्लासच्या गुणवंतांच्या सत्काराचा. त्या काळी लातुरात म्हशीसुद्धा फिजिक्सचे फॉर्म्युले रवंथ करायच्या, म्हणून असले सत्कार रोजच. निवेदकानं एकेक नाव वाचायला घेतलं, आधी गाव, मग पोराचं नाव, मग बापाचं. लातूरच्या भूकंपानंतर आबांनी महिनोन्‌महिने गावोगावी मेलेल्यांची नावं अशीच ऐकली होती. ते उठले, माईक धरला आणि म्हणाले, "ईश्वर मृतात्म्यांना शांती देवो. दोन मिनिटं उभं राहू."

आपल्याकडं साहेब उठले की सगळे उठतात, कशासाठी ते मागून विचारतात. सत्कारमूर्तीसुद्धा गळ्यातल्या हारासकट स्वतःसाठीच मौन पाळायला उभे राहिले.

आबांच्या मागं बसून कुणाचं लग्न, कुणाचा दहावा हे त्यांच्या कानात सांगणं हे माझं काम. मी नेमका चहाच्या मागं गेलो होतो.

तेवढ्यात एक रिटायर गुरुजी कडाडले, "मास्तरला अठ्ठावन्नला घरी बसवता, एसटीच्या ड्रायव्हरचे डोळे तपासता. आन कायदे करणाऱ्याला वयाची अट न्हाई व्हय?"

खाली हशा पिकला. महिनाभरात तिकिटं ठरणार होती. आबा गेले की माझी जीप, माझी खुर्ची, नांदेडपासून लातूरपर्यंतचे रामराम, सगळंच जाणार. मी उडी मारून माईक हिसकावला. माझी जीभ अशी, की वाळलेल्या बाभळीला आंबे लावील.

"गुरुजी, अनुभवाला कसली अट? साहेबांचं मौन भूकंपात गेलेल्या लेकरांसाठी हाय! ती असती तर आज याच रांगेत बसली असती!"

सभेत आधी हुंदके. मग टाळ्या, पत्रे उडतील अशा. किनवटच्या त्या माउलीनं पदरानं डोळे पुसले आणि हात जोडून खाली बसली. मेलेल्या लेकरांना मी प्रचाराला जुंपलं होतं, आणि सभा जिंकली होती.

टाळ्या चालू असताना आबांनी माझी बाही धरली. हळूच म्हणाले, "ढिगाऱ्यात आपल्यातलं कुनी सापडलं का रे?"

मी त्यांना धरून जीपकडं नेलं. वयाची अट म्हणजे जाणत्या माणसाचा अपमान, हे मी तोवर शंभर सभांत ठणकावलं होतं. जीपमध्ये पहिल्यांदा वाटलं, असा कायदा असता तर आबा आमच्या तावडीतून तरी सुटले असते.

घरी काकूंनी त्यांना हाताला धरून आत नेलं, पाय धुतले. माझा राग कुणावर तरी निघायलाच हवा होता.

"काकू, त्यांची ही गत तुमाला दिसत न्हाई का? सकाळी पाठवलंच कशाला?"

त्यांनी पाय पुसलेलं फडकं पिळलं.

"मी नको म्हनले होते. गाडी घेऊन तूच आलतास."