घोकलेली यादी

"गोळी-इंजेक्शन काही देत नाही मॅडम. चित्रं काढाले लावते, उलटं मोजाले लावते. डोक्याच्या डॉक्टर हायेत," पडद्याबाहेर कंपाउंडरकाका कुणाला तरी सांगत होते.

बाहेर जाऊन 'मी डॉक्टर नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी पेन्सिलीला टोक करत बसले.

दिग्रसच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यातली मागची खोली मला आठवड्यातून तीन दिवस वापरायला दिली होती. डोक्याला मार लागलेल्यांची, पक्षाघात होऊन गेलेल्यांची स्मरणशक्ती आणि लक्ष चाचण्यांनी तपासायचं, हे मी इंग्लंडमध्ये शिकून आले होते. पण तिथेही माझी मास्टर्स ही पहिलीच पायरी. पुढे डॉक्टरेट, मग या विषयाचं वेगळं प्रशिक्षण, तेव्हा कुठे नाव नोंदवतात. इथे नोंदणीसाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम नव्याने करावा लागतो. जागा मोजक्या, आणि मुलाखतीत माझा आवाजच फुटला नव्हता. वर्गातली एक मैत्रीण नेदरलँड्सला परतली. तिथे 'क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्ट' हे पद नावापुढे लावायला कायद्याची परवानगी लागते, म्हणून ती अजून शिकतेच आहे. आमच्या ग्रुपवर सुरुवातीला प्रत्येकीच्या देशाचे नियम यायचे. मग वाढदिवसाच्या शुभेच्छा. मग तेही थांबलं. मी काय करते हे समजेल असं माणूस दिग्रसमध्ये नव्हतं. घरी आई सगळ्यांना 'दवाखान्यात आहे' म्हणायची.

त्या दिवशी पडद्यातून आत आले ते कापसाच्या जिनिंग कारखान्यातले मेकॅनिक, त्यांची बायको आणि मोठा भाऊ. मेकॅनिक उन्हाळ्यात मोटारसायकलवरून डोक्यावर पडले होते. हंगाम तोंडावर आला होता आणि मालकाने कामावर घ्यायला डॉक्टरांच्या सहीचा कागद मागितला होता. दोन आठवड्यांपूर्वीच्या तपासणीत पंधरा शब्दांच्या यादीतले त्यांना चारच आठवले होते.

मी यादी काढली. पहिला शब्द उच्चारला, तोच त्यांनी उरलेले चौदा क्रमाने, न अडखळता म्हणून टाकले. बायकोचे ओठ सोबत हलत होते.

"हे कसं...?" मी विचारलं.

"घोकून घेतली ना मॅडम," भाऊ खुशीत म्हणाले. "मागच्या टायमाले मी इथंच बसून होतो, सगळी लिहून घेतली. रोज सकाळ-संध्याकाळ म्हणून घेत होतो त्याच्याकडून."

"आमच्या लेकीलेबी पाठ झाली," बायको म्हणाली. "आता पास करून टाका यायले."

तपासणीच्या वेळी खोलीत दुसरं कुणी नको, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण मागच्या खेपेला भाऊ खुर्ची ओढून बसले, तेव्हा त्यांना उठा म्हणणं मला जमलं नव्हतं. या वेळी दोघांना बाहेर थांबायला सांगितलं. तेही इतक्या हळू, की दोनदा सांगावं लागलं.

मग कागदावर विखुरलेले आकडे क्रमाने रेघेने जोडायला दिले. सात-आठपर्यंत हात नीट चालला. रस्त्यावर हॉर्न वाजला, त्यांनी मान वळवली, आणि परत कागदाकडे पाहिलं तेव्हा हातातल्या पेन्सिलीचं काय करायचं हेच त्यांना सुचेना. तीनदा असंच झालं. "मले मशीनची सवय हाय, मॅडम," ते म्हणाले. "हात आपोआप चालतो." त्यांच्या उजव्या मनगटावर जुना, लांब व्रण होता.

भाऊ आत डोकावले, त्यांच्यामागे बायको. "झालं? मंग लिहून द्या. तुम्ही लिहिलं का डॉक्टरसाहेब सही करतेतच."

ते खरं होतं. माझे इंग्रजी रिपोर्ट डॉक्टर न वाचता सही करून द्यायचे. नातेवाइकांनी निकाल विचारला की मी 'डॉक्टर सांगतील' म्हणायची आणि नजर कागदावर ठेवायची. त्या वाक्याने मला वर्षभर सांभाळलं होतं. आताही ते तोंडाशी आलं. पण डॉक्टरांनी पाहिलंच तर यादीचा आकडा पाहतील, पंधरापैकी पंधरा. आकडे जोडताना हात कुठे थांबला ते फक्त मी पाहिलं होतं.

तिघेही माझ्याकडे पाहत होते. कंपाउंडरकाका पडदा धरून उभे.

"मी डॉक्टर नाही," मी म्हणाले. "माझ्या सहीने कागद होत नाही. पण यांना मशीनवर पाठवू नका. मी तसंच लिहिणार आहे, आणि डॉक्टरांनाही तेच सांगणार आहे."