ओंजळभर नाचणी

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काल नातवाच्या पाहुण्यानं अंगणात चिरूट पेटवला आणि त्या जड, गोडसर धुरानं मला गुंद गावच्या खळ्यात नेऊन उभं केलं.

तसाच चिरूट ओढणारा क्युबाचा राजदूत जंगलखात्याच्या मोठ्या अधिकाऱ्याबरोबर, आमच्या जंगलसाहेबांबरोबर, तिथं शिकारीला आला होता. हा राजदूत म्हणजे आपल्या देशातल्या क्रांतीसाठी तुरुंग भोगलेला माणूस. पुढे तो तिकडे मंत्री झाला. मी जंगलखात्यात नोकरीला, त्या दिवशी त्याचा दुभाष्या. गावातल्या म्हाताऱ्या बुधोमामांनी राजदूताच्या हातात ओंजळभर नाचणी ओतली.

"सांगा भाऊ सायबाला, डोंगरावर रान जाळून कुमरीच्या शेतात हेच पेरत व्हतो. सरकारनं बंद केलंय. पोरं काय खातील?"

आमच्याकडे गाऱ्हाण्याचं बी हातात घेतलं, की शब्द दिला असं मानतात. जंगलसाहेब माझ्याकडे रोखून बघत होते. माझी नोकरी त्यांच्या हातात होती.

"पाहुण्याला भेट देतायत," मी इंग्रजीत म्हणालो.

राजदूत हसला. दाणे त्यानं जपून खिशात ठेवले. मामांचे डोळे भरून आले.

पुढे सुप्याच्या बाजारात ते दर वेळी विचारायचे, "त्या सायबाचं काय कळलं न्हाई व्हय?"

"कळेल, मामा."

त्यांच्या तिरडीमागून चालतानाही 'मामा, मी तुमचं गाऱ्हाणं सांगितलंच नव्हतं, मला माफ करा' एवढंच ओठांवर होतं. ते तिथंच राहिलं.